केळ्यातून डीएनए : शाळेत जैवतंत्रज्ञानाचं सत्र पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

शाळेत जाऊन जैवतंत्रज्ञानाचं सत्र घ्यायचं ठरलं की बीएस्सी-एमएस्सीची मंडळी सगळ्यात आधी स्लाइड्स करायला बसतात. डॉली मेंढी, इन्सुलिन, लस, जनुकात बदल करायचं क्रिस्पर तंत्र, सगळं त्यात येतं. शेवटची दहा मिनिटं उरली की 'आता एक प्रयोग बघूया' म्हणून कुणीतरी टेबलापाशी उभं राहून नळीत काहीतरी ओततं. पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांना पांढरं काहीतरी दिसतं, मागची मुलं बाकांवर चढतात, सर ओरडतात, घंटा होते. मुलांना मजा आलेली असते, पण त्यांनी स्वतः काहीच केलेलं नसतं.

हे टाळायचं तर तीन गोष्टी पक्क्या धराव्यात. एका सत्रात एकच प्रयोग. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची नळी. आणि काही नळ्यांमधून मुद्दाम एखादी गोष्ट वगळलेली. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना पटतात, तिसरी हमखास राहून जाते. सगळ्यांच्या नळीत एकाच वेळी पांढरे धागे आले तर तो जादूचा खेळ झाला. एकीत आले, शेजारच्या नळीत आले नाहीत, की मुलं 'का?' विचारतात आणि तिथून सत्र खऱ्या अर्थानं सुरू होतं.

खाली दिलेला आराखडा मराठी माध्यमाच्या शाळेतला आठवी-नववीचा चाळीस मुलांचा वर्ग, एक जोडतास आणि केळ्यातून डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग गृहीत धरून केला आहे. वर्ग साठ-सत्तरचा असेल, आणि पुष्कळ ठिकाणी असतोच, तर दोन तुकड्या करून दोनदा घ्या. सत्तर मुलांचं एकच सत्र घ्यायला होकार देऊ नका.

हाच प्रयोग का

केळं बारा महिने, तेरा तालुक्यांत मिळतं. साहित्य किराणा दुकान आणि मेडिकल यांच्या पलीकडे जात नाही. वीज लागत नाही, विस्तव लागत नाही, आणि निकाल तासाच्या आत डोळ्यांना दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला असाल आणि डिसेंबर ते मार्च हा हंगाम असेल तर स्ट्रॉबेरी घ्या. तिच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, ती चटकन कुस्करते आणि धागे जास्त स्वच्छ येतात. केळ्यात तीन संच असतात. कांद्यातूनही डीएनए निघतो, पण तो मिक्सरमधून काढावा लागतो आणि वर्गभर डोळ्यांतून पाणी. मी केळ्यावरच थांबतो.

केळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यातून जैवतंत्रज्ञानाचं दार आपोआप उघडतं. 'केळ्यात बी का नसते?' हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. गुणसूत्रांचे संच तीन असल्यामुळे बी नीट तयारच होत नाही. मग रोप कशापासून करतात? शेतकऱ्याच्या घरातलं मूल लगेच सांगतं, बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यापासून. जळगावकडच्या मुलांना ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपंही ठाऊक असतात, कारण ती त्यांच्या बांधावर आलेली असतात. ही रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीत, वनस्पतीच्या इवल्याशा तुकड्यापासून वाढवलेली असतात, एवढं सांगितलं की जैवतंत्रज्ञानाची व्याख्या फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

पाचवी-सहावीच्या वर्गात डीएनएचा आग्रह धरू नका. पेशी म्हणजे काय हेच अजून पक्कं नसतं. त्यांच्यासाठी यीस्टचा फुगा बरा. बाटलीत शंभर मिलिलीटर कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा सुकं यीस्ट आणि तोंडावर फुगा. दुसऱ्या बाटलीत सगळं तेच, फक्त साखर नाही. अर्ध्या-पाऊण तासात पहिला फुगा उभा राहतो, दुसरा लोळत पडतो. जिलेबी आणि पाव यांच्याबद्दल बोलायला एवढं पुरे.

तारीख आणि शाळा

सगळ्यांना २८ फेब्रुवारी हवा असतो. राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, भाषणं असतात, फोटो निघतात. पण फेब्रुवारीत शाळेची प्रयोगशाळा दहावीच्या तोंडी-प्रात्यक्षिकात अडकलेली असते, विज्ञानाच्या बाई दमलेल्या असतात आणि तुमचं सत्र हारतुऱ्यांच्या मध्ये कुठेतरी चेपलं जातं. डिसेंबरच्या शेवटी स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतात. दिवाळीआधी सहामाही. त्यामुळे जुलैचा शेवट ते सप्टेंबर, किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे तीन-चार आठवडे, हेच खरे हाताशी असलेले दिवस.

मुख्याध्यापकांना संस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र द्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुखांच्या कानावर घालायला मुख्याध्यापकांनाच सांगा, ते रीतसर होतं. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा. कुठली इयत्ता आणि किती मुलं, सलग किती वेळ हवा, कुठलं साहित्य आणणार, आणि त्यात ज्वलनशील स्पिरिट आहे. शेवटची गोष्ट लपवू नका. फोटो काढायचे असतील तर शाळेची आणि पालकांची परवानगी आधीच विचारा. मुलांचे चेहरे परस्पर समाजमाध्यमांवर टाकणं बरोबर नाही.

पण खरं काम होतं ते विज्ञानाच्या शिक्षिकेशी अर्धा तास बसून. त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. पेशीचा धडा झाला आहे का? आणि वर्गापासून पाण्याचा नळ किती लांब आहे? आठवीच्या पुस्तकात पेशी आणि पेशीअंगकं येतात, नववीला आनुवंशिकता येते, दहावीला पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान असं स्वतंत्र प्रकरणच आहे. तुम्ही बोलताना केंद्रक, पेशीभित्तिका, गुणसूत्र, विकर असे पुस्तकातलेच शब्द वापरलेत तर मुलांना नवं ओझं वाटत नाही. बाईंकडून ती पुस्तकं एक दिवस मागून घ्या आणि चाळा.

नळाचं का विचारायचं, ते चाळीस चिकट हात एकदम धुवायला निघाल्यावर कळेल.

सामान

चार मुलांचा एक गट, म्हणजे दहा गट. प्रत्येक गटाला पिकलेल्या केळ्याचा अर्धा तुकडा लागतो. डझनभर केळी आणली की रंगीत तालमीसकट भागतं. झिपची जाड प्लास्टिक पिशवी प्रत्येक गटाला एक आणि चार-पाच जास्तीच्या, कारण एखादी फाटतेच. गाळायला चहाची गाळणी आणि त्यावर मलमलचा तुकडा. जुन्या धुवट धोतराचा असला तर उत्तम. पारदर्शक प्लास्टिकचे पेले. चाळीस नळ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या पंधरा मिलिलीटरच्या असल्या तर सोन्याहून पिवळं. शाळेतल्या काचेच्या परीक्षानळ्या चालतात, पण मग स्टँड आणि फुटकी काच उचलायची तयारी हवी. नळी अरुंद आणि उंच हवी. पसरट पेल्यात थर नीट दिसत नाहीत.

ढवळायला नि धागे गुंडाळायला उदबत्तीची रिकामी बांबूची काडी किंवा टूथपिक. पाहायला पाठीमागे धरण्यासाठी काळा कागद, प्रत्येक गटाला एक. हा कागद विसरू नका. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरे धागे शोधताना मुलं हिरमुसतात.

आता दोन द्रावणं. मोठ्या बाटलीत 'अ' द्रावण : ४५० मिलिलीटर पाणी, २५ मिलिलीटर भांडी घासायचं लिक्विड आणि एक सपाट चहाचा चमचा मीठ. लहान बाटलीत 'ब' द्रावण : १०० मिलिलीटर पाणी आणि पाव चमचा मीठ, लिक्विड नाही. आठ गटांना 'अ', दोन गटांना 'ब', प्रत्येकी पन्नास मिलिलीटर. पेल्यांवर फक्त अक्षर लिहा. कशात काय आहे ते मुलांना आधी सांगायचं नाही. फेस आणि वास यावरून काही मुलं ओळखतातच, ओळखू द्या.

स्पिरिट म्हणजे इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये किंवा रसायनांच्या दुकानात मिळतं. जितकं तीव्र तितकं चांगलं, पण सत्तर टक्क्यांचं मिळालं तरी काम होतं. शुद्ध इथेनॉलच्या मागे लागू नका, त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे आणि एका सत्रासाठी ती यातायात परवडत नाही. हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर जेल चालत नाही. दर नळीला दहा मिलिलीटरच्या हिशेबानं ५०० मिलिलीटरची एक बाटली जेमतेम पुरते, म्हणून दोन न्या.

स्पिरिट बर्फासारखं गार हवं. आदल्या रात्री बाटली फ्रीजरमध्ये ठेवा, ते गोठत नाही. घरातल्यांना सांगून ठेवा आणि बाटलीवर ठळक लिहा. सकाळी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून त्यात बाटली घाला. गावात बर्फ कुठून आणायचा असा प्रश्न पडला तर रसवंतीवाला नाहीतर मासळीवाली, दोघांपैकी एक जण नक्की देतं.

आदल्या दिवशी

सगळ्या स्वयंसेवकांनी पूर्ण प्रयोग एकदा, त्याच केळ्यांनी, त्याच लिक्विडनं, घड्याळ लावून करायचा. 'मला येतो, एमएस्सीला रोज डीएनए काढतो' म्हणणाऱ्यानंसुद्धा. महाविद्यालयात वेगानं फिरवून घटक वेगळे करणारा सेंट्रिफ्यूज असतो, इथे गाळणी आहे. केळ्याचा लगदा मलमलमधून किती हळू उतरतो याचा अंदाज प्रयोगशाळेत येत नाही.

दोन गटांमागे एक स्वयंसेवक लागतो, म्हणजे पाच. सहावा माणूस फक्त स्पिरिट सांभाळतो, दुसरं काही नाही. स्वयंसेवकांना एकच सक्त सूचना द्यावी : मुलाच्या हातातून नळी घ्यायची नाही. सांडलं तर सांडू दे, दुसरं करू. मदतीच्या उत्साहात ताई-दादाच सगळा प्रयोग करून टाकतात आणि मुलं बघत बसतात, हे फार वेळा घडतं.

प्रत्यक्ष सत्र

पहिली दहा मिनिटं बोला, त्याहून जास्त नाही. मी सुरुवात फ्रीडरिख मिशरपासून करतो. १८६९ मध्ये हा तरुण डॉक्टर जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये काम करत होता. तिथल्या जुन्या किल्ल्यातल्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केलेली होती. जवळच्या रुग्णालयातून तो जखमांवरच्या पट्ट्या मागवायचा, पुवानं भरलेल्या. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्या पेशींच्या केंद्रकातून त्यानं एक अनोळखी पदार्थ वेगळा केला आणि त्याला न्यूक्लिन नाव दिलं. तोच आपला डीएनए. 'पू' म्हटल्यावर वर्गात जो 'शीऽऽ' उमटतो, त्यानंतर लक्ष वेगळं मागावं लागत नाही. 'आपण पुवाऐवजी केळं घेऊ' म्हणायचं आणि पिशव्या वाटायच्या.

वाटण्याआधी एक मिनिट थांबून प्रत्येकाला वहीत एक ओळ लिहायला लावा : माझ्या नळीत शेवटी काय दिसेल? चुकीचं लिहिलं तरी चालेल, खोडायचं नाही. ही ओळ शेवटी कामाला येते.

मग केळं पिशवीत घालून, हवा काढून, झिप लावून कुस्करायचं. तीन-चार मिनिटं, गुठळी उरेपर्यंत नाही, गुठळी जाईपर्यंत. पिशवी फिरवत चौघांनी कुस्करायची, नाहीतर गटातला एक दांडगा ती ताब्यात घेतो. आता अ किंवा ब द्रावण पिशवीत ओतायचं, पुन्हा झिप लावायची आणि हलक्या हातानं मिसळायचं. इथे हात सैल ठेवायला सांगा. जोरात हलवलं तर फेस होतो, फेसात गाळणं अडतं, आणि डीएनएचे लांब रेणूही तुटतात. पिशवी बाकावर ठेवून दहा मिनिटं वाट पाहायची.

ही दहा मिनिटं सोन्याची आहेत, ती भाषणात घालवू नका. साबणानं नेमकं काय झालं ते मुलांकडूनच काढून घ्या. तेलकट ताट नुसत्या पाण्यानं निघत नाही, लिक्विड लागतं, का? तर ते तेल पाण्यात मिसळायला लावतं. पेशीचं आणि केंद्रकाचं पटल हेसुद्धा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचंच असतं. साबणानं ते विस्कटलं की आतला डीएनए पाण्यात येतो. मिठाचं काम थोडं अवघड आहे, पण आठवीला आयन झालेले असतात. डीएनएच्या रेणूवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे धन आयन तो प्रभार झाकतात, मग पुढे स्पिरिट आल्यावर धागे एकत्र गोळा होऊ शकतात.

वेळ उरलाच तर दोन मीटर दोरा काढा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण एवढा लांब भरतो. एका मुलाला तो दोरा चिमटीत मावेल असा गोळा करायला सांगा. गाठी होतातच. केंद्रकात गाठी न होता तो कसा बसतो, हा प्रश्न तिथेच सोडून द्या.

आता गाळणं. पेल्यावर गाळणी, गाळणीवर ओला केलेला मलमलचा तुकडा, त्यात लगदा. पाच-सात मिनिटांत चार नळ्यांपुरतं पाणी उतरतं. नाही उतरलं तर कापडाची पुरचुंडी करून हलकेच दाबायची. पिळायची नाही, पिळली की गर खाली येतो. प्रत्येकानं आपल्या नळीत पाच मिलिलीटर घ्यायचं. नळीवर रेघ आधीच मारून ठेवली असली तर चमचे-मोजमाप लागत नाही.

यानंतरचा भाग सगळ्या सत्राचा कणा आहे, इथे घाई नको. स्पिरिट सांभाळणारा माणूस गटागटानं येतो. गटातल्या तिघांच्या नळीत दहा मिलिलीटर गार स्पिरिट आणि चौथ्याच्या नळीत तेवढंच बर्फाचं पाणी. नळी तिरपी धरायची आणि आतल्या भिंतीवरून धार सावकाश सोडायची, म्हणजे स्पिरिट वर तरंगतं आणि दोन थर स्वच्छ दिसतात. धक्का द्यायचा नाही, उलटी करायची नाही, नुसतं बघायचं. चाळीस मुलांचा वर्ग इतका शांत दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही.

आधी दोन थरांच्या सीमेवर धूसर पट्टा येतो. मग त्यातून बारीक बुडबुड्यांबरोबर पांढुरके, कापसासारखे तंतू वरच्या थरात चढू लागतात. पाच ते दहा मिनिटांत गुंता चांगला दिसतो. काळा कागद मागे धरला की शेवटच्या बाकावरूनही कळतं. मग काडी घालून हळूहळू एकाच दिशेनं फिरवायची. तंतू काडीला गुंडाळतात, ओले आणि चिकट.

ज्याच्या नळीत पाणी घातलं त्याचा चेहरा आतापर्यंत उतरलेला असतो. त्याला वर्गासमोर बोलवा आणि विचारा, तुझ्यात काय वेगळं केलं? तो सांगतो. डीएनए पाण्यात विरघळतो, स्पिरिटात विरघळत नाही, हे वाक्य मग त्या मुलाच्याच तोंडून येतं. नंतर उरलेलं गाळलेलं पाणी आणि स्पिरिट देऊन त्याला दुसरी नळी करू द्या. हे आधी कबूल करून ठेवा, नाहीतर रडारड होते.

आणि 'ब' गट. इथे नवख्या माणसाची फजिती होते, म्हणून नीट वाचा. साबण नसूनही त्यांच्या नळीत थोडंफार पांढरं येतं. कुस्करताना काही पेशी फुटतातच. शिवाय केळ्यातलं पेक्टिन, ज्यामुळे जॅम घट्ट होतो तेच, स्पिरिटात बाहेर पडतं. फरक प्रमाणाचा आणि पोताचा असतो : 'अ' मध्ये जास्त आणि काडीला गुंडाळणारे तंतू, 'ब' मध्ये बहुधा थोडा, जेलीसारखा साका. 'तुमचा प्रयोग फसला' असं म्हणून हे झाकू नका. उलट विचारा : साबणाशिवायही पांढरं आलं, मग 'अ' वाल्यांच्या नळीतलं सगळं पांढरं डीएनएच आहे कशावरून? आपण हा प्रयोग करतो त्यात डीएनएबरोबर आरएनए, प्रथिनं, पेक्टिन हे सगळं असतं. तो शुद्ध डीएनए नाही. खात्री करायला पुढच्या चाचण्या लागतात, त्या प्रयोगशाळेत होतात. हे सांगितल्यानं मुलांचा उत्साह कमी होईल अशी भीती वाटते, पण होत नाही. नववीच्या मुलांना आपल्याला काहीतरी खरं सांगितलं जातंय हे बरोबर कळतं.

शिडी कुठे आहे, हे कुणीतरी विचारतंच. पुस्तकात डीएनएची पिळदार शिडी असते ना. दुहेरी सर्पिलाची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. काडीवर दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून शिडी दिसणार नाही. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरणांच्या छायाचित्राची १९५३ मध्ये ती रचना उलगडायला मोठी मदत झाली, एवढं सांगून पुढे जा.

हे करायचं नाही

स्पिरिट खोलीत असेपर्यंत विस्तव नाही. दिवा नाही, उदबत्ती नाही, आणि उद्घाटनाचं दीपप्रज्वलन तर नाहीच. ते करायचंच असेल तर दुसऱ्या खोलीत, आधी. खिडक्या उघड्या. स्पिरिटाची बाटली मुलांच्या बाकावर ठेवायची नाही. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुवायचं आणि बाईंना सांगायचं.

काहीही खायचं-प्यायचं नाही. उरलेली केळीसुद्धा. प्रयोगाच्या टेबलावरचं खायचं नसतं, ही सवय लावायची हीच वेळ. खाऊ द्यायचा असेल तर हात धुऊन, वर्गाबाहेर.

रक्तगट तपासणी या सत्रात घुसवू नका. सुया, रक्त, त्यातून निघणारा घरचा विषय, कशाचीच गरज नाही. हाताचे ठसे घेऊन जिवाणू वाढवायच्या ताटल्याही नकोत. काय वाढेल ते सांगता येत नाही आणि मुलं झाकण उघडतात. परदेशी चित्रफितींमध्ये शाळकरी मुलं जिवाणूत चमकणारा जनुक घालताना दिसतात. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार, जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीत चालतं. शाळेच्या वर्गात ते करता येत नाही.

नळी घरी न्यायला सगळे मागतात. स्पिरिटासकट देऊ नका. काडीवरचे तंतू काळ्या कागदाच्या तुकड्यावर वाळवून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून द्या. त्यावर नाव आणि तारीख त्यांनीच लिहायची.

मुलं काय विचारतात

'केळ्याचा आणि माणसाचा पन्नास टक्के डीएनए सारखा असतो ना?' हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्यावर मान डोलवू नका. पेशी चालवायची कामं, म्हणजे साखरेतून ऊर्जा काढणं, डीएनएची प्रत करणं, दोघांनाही करावी लागतात, म्हणून त्या कामांचे बरेच जनुक एकमेकांशी मिळतेजुळते असतात. मिळतेजुळते जनुक आणि सारखा डीएनए या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आकडा न देता इतकं पुरे.

'डीएनए खाल्ला तर काय होईल?' रोज खातो, भाजीत, भाकरीत, केळ्यात. पचतो.

विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापसावर प्रश्न येणारच, आणि तिथे तुमच्यापेक्षा मुलांना जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातला, त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं, भारतात त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, हा झाला तुमचा भाग. त्यावर एखादं मूल म्हणेल, मग आमच्याकडे गुलाबी बोंडअळी कशी आली? बरोबर आहे. अळीत प्रतिकारशक्ती आली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठं नुकसान झालं. प्रचारकाची भूमिका घेऊ नका, बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही. त्या मुलाला त्यांच्या शेतात काय झालं ते सांगू द्या. बाकीचे ऐकतात.

माहीत नसलेल्या प्रश्नाला 'विचारून कळवतो' म्हणायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून ठेवायचा.

नंतरचं काम

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. मुलांनी सुरुवातीला वहीत लिहिलेली ओळ काढायची, तिच्याखाली प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहायचं, आणि एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून द्यायचा. नाव घालायचं की नाही ते त्यांच्यावर. 'सत्र कसे वाटले : उत्तम / चांगले / बरे' असले फॉर्म वाटू नका, सगळे 'उत्तम' वर खूण करतात आणि त्यातून काही कळत नाही. चिठ्ठ्यांवरून मात्र लगेच कळतं. वीस मुलांनी साबणाविषयी विचारलं असेल तर साबणाचं तुम्ही नीट सांगितलेलं नाही.

टेबलं तुम्हीच पुसा, मावशींवर सोडू नका. गाळलेलं पाणी आणि स्पिरिट भरपूर पाण्याबरोबर मोरीत जातं, केळ्याचा चोथा आणि सालं खताच्या खड्ड्यात. प्लास्टिकच्या नळ्या धुऊन परत न्या, पुढच्या शाळेत चालतात. मग खर्च केळी, लिक्विड आणि स्पिरिट एवढ्यापुरताच उरतो.

बाईंकडे एक पान द्या : प्रमाणं, क्रम आणि 'ब' गटात काय होतं त्याचा खुलासा. सोबत दहा-बारा नळ्या, मलमलचे तुकडे आणि उरलेलं बंद बाटलीतलं स्पिरिट, तेही प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपाखाली ठेवायला सांगून. पुढच्या वर्षीच्या आठवीला त्या स्वतःच हा प्रयोग घेऊ शकतात.

चिठ्ठ्यांची उत्तरं पंधरा दिवसांत पाठवा. टाइप करून एक-दोन पानं पुरतात, शाळा ती सूचनाफलकावर लावते. पुणे-मुंबईत असाल तर त्यातच आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मराठी विज्ञान परिषद यांच्याकडे मुलांसाठी कुठले कार्यक्रम चालू आहेत ते चौकशी करून लिहा. उत्तरं पाठवतानाच मुख्याध्यापकांकडे दुसऱ्या सत्राची तारीख मागून ठेवा. त्या दिवशी पुन्हा डीएनए नको, यीस्ट घ्या, आणि फळ्याच्या कोपऱ्यात राहिलेले प्रश्न आधी संपवा.